किसनचा कान आणि माझी विहीर

किसन गेल्याचा फोन आला तेव्हा मी तो सवयीने उजव्या कानाला लावला. पाच आठवडे झाले त्याला. लातूरहून मुरुडला पोचलो, तर त्याच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानापुढे माणसं बसलेली. गावचे निवृत्त मुख्याध्यापक सांगत होते, "बहात्तरच्या दुष्काळात विहिरीवर सुरुंग उडाला, त्यात कान गेला बिचाऱ्याचा. तसल्या कानावर दहा वर्षं सैन्यात काढली!" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. गोष्ट रंगवून सांगितली होती. रंगणारच, ती मूळची माझीच होती... आणि खोटी होती.

दुष्काळात आम्ही दोघंही अठरा-एकोणीस वर्षांचे. बैलं विकलेली, शाळा सुटलेली. किसन रस्त्याच्या कामावर खडी फोडायला, मी विहिरीच्या कामावर. तिथला मुकादम सुरुंगाची वात पेटवायचा आणि आम्ही पळायचो. एकदा मी चप्पल घ्यायला माघारी फिरलो. चप्पल मिळाली, डावा कान गेला. असा सौदा आमच्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुणी केला नसेल. हे मी किसनशिवाय कुणालाही कळू दिलं नाही, कारण आम्हाला भरतीला जायचं होतं.

नांदेडला भरती होती. सोबत ज्वारीच्या भाकरी आणि तिखटाची पुडी. छाती मापात भरली, धावलो, उड्या मारल्या. मग डॉक्टरने पाठमोरं उभं केलं, उजवा कान झाकायला लावला आणि मागून हळू काहीतरी म्हणाला. मी अंदाजाने ठणकावलं, "जय हिंद!" डॉक्टर म्हणाला होता, "अठ्ठावीस." माझ्यानंतर किसन. त्याने दोन्ही कानांनी, कुजबुजीतला आकडा न् आकडा बरोबर सांगितला. मी दाराशी उभा राहून ते पाहिलं. परतीच्या गाडीत तो खूश होता, पण माझं तोंड बघून त्याने उरलेली भाकरी माझ्यापुढे केली. म्हणाला, "जाऊ दे बे. तू कारकून हो. तुला लिव्हता लई चांगलं येतंय." त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात महागात पडलेलं वाक्य.

सैन्यात तो तंत्रज्ञ झाला. जनरेटर, मोठ्या गाड्यांची इंजिनं. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर तो आवाज. रजेवर आला की दरवर्षी थोडा जास्त ओरडून बोलायचा. हळूहळू उजवा कान पार गेला, डावा अर्धामुर्धा राहिला. इंजिनाचा बिघाड शोधायला लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तो इंजिनावर टेकवायचा आणि त्याची मूठ दातात धरायचा. "कान गेला तर काय झालं, दाताला समजतंय की." पण माणसाच्या हाकेला दात उपयोगी पडत नाहीत. एकदा त्याच्या पाठीमागून गाडी रिव्हर्स येत होती. सोबत्याने कॉलर धरून ओढला म्हणून वाचला. त्यानंतर त्याने वैद्यकीय कारणावरून निवृत्तीचा अर्ज केला.

त्याच सुमारास लातूर जिल्हा नवा झाला होता. मी आता कारकून होतो, उस्मानाबादहून बदलून आलो होतो. कचेरीत टेबलं कमी, फायली जमिनीवर, शिक्का इतका नवा की उठवला की शाई ओघळायची. किसन कागद घेऊन आला. कान नोकरीमुळे गेला की आधीपासून खराब होता, एवढं सैन्याच्या वैद्यकीय मंडळाला ठरवायचं होतं. लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसाचं पत्र जोडलेलं बरं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"दोन ओळी लिव्ह. कान धड होता, एवढंच. लई फुलवू नको."

मी चार पानं लिहिली. मित्र सैनिक, जिल्हा नवा, हातात सरकारी कागद... लेखणी आवरेना. दोन ओळींत काय मजा! किसन किती धाडसी होता हे दाखवायला तिसऱ्या पानावर मी त्याला माझी विहीर दिली. दुष्काळात सुरुंगाच्या धुरात जिवाची पर्वा न करता उतरणारा किसन. खडी फोडण्यात कसलं आलंय शौर्य? खाली सही केली, हुद्दा लिहिला आणि त्याला न वाचून दाखवता पाकीट बंद केलं.

निवृत्ती मिळाली. पण निर्णयात एक ओळ होती: कानाचा दोष सैन्यसेवेच्या आधीचा, विहिरीतल्या स्फोटाचा, सेवेमुळे आलेला नाही, सबब अपंगत्वाची पेन्शन नाही.

ती ओळ त्याने मला माझ्याच टेबलाशी उभं राहून वाचून दाखवली. "पेन्शनीचं जाऊ दे. पर दहा वर्सं मी इंजिनापाशी हुबा ऱ्हायलो, अन् कान गेला म्हणं हिरीत! ज्या हिरीत मी पाय बी ठेवला न्हाई." आवाज चढला नव्हता. एरवी ओरडून बोलणारा माणूस त्या दिवशी हळू बोलला.

त्याच आठवड्यात मी खरं काय ते लिहून काढलं आणि त्याला नेऊन दिलं. त्याने ते दोनदा वाचलं. "हे तुझ्या सायबाला कळंल का?"

"कळेल. सही, हुद्दा, सगळं आहे ना पहिल्यावर."

"नोकरी जाईल?"

"जाऊ शकते."

"मंग ऱ्हाऊ दे." त्याने कागद घडी करून माझ्याच खिशात घातला. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. मी आयुष्यात पुष्कळ फजित्या करून घेतल्या, त्या चवीने सांगितल्याही. ही कधी सांगितली नाही.

मी निवृत्त झाल्यावर तो कागद पाठवला. धाडस बघा, पोटापाण्याची सोय झाल्यावरचं! उत्तर आलं: जुने कागद उपलब्ध नाहीत. किसन हसला. "बघ, तुझी गोष्ट लई पक्की निघाली." तोवर निर्णयातली ती ओळ गावभर झाली होती आणि पोरं त्यालाच विहिरीची गोष्ट सांगायला लावायची. तो म्हणायचा, "ती ह्या बहाद्दराला इचारा." मग मी सांगायचो. शेजारी बसून तो ऐकायचा.

दुकानापुढच्या बाकावर आमच्या जागा ठरलेल्या होत्या. डावीकडे मी, उजवीकडे तो. धड कान आतल्या बाजूला, गेलेले बाहेर. लोकांना वाटायचं, ही सगळी सोय किसनसाठी.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, माणसं पांगली. मी बाकावर माझ्या जागी बसलो होतो. किसनची बायको, सुमनवहिनी, येऊन माझ्या डाव्या हाताला बसल्या आणि काहीतरी बोलल्या. मला नुसते ओठ हललेले दिसले. काय म्हणाल्या असतील याचा अंदाज बांधून मी "हाव, हाव" म्हणून वेळ मारून नेऊ शकत होतो. इतकी वर्षं तेच केलं होतं. नांदेडला तर "जय हिंद" म्हटलं होतं...

"वहिनी, इकडून बसा," मी म्हणालो. "त्या कानाने मला ऐकू येत नाही."

त्या उठल्या, किसनच्या जागी बसल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, "मी म्हणत होते भाऊजी, त्या हिरीवर हे कधी होते? मला तर कायम खडीचंच सांगायचे."

"तो नव्हता. मी होतो."

त्या माझ्या डाव्या कानाकडे बघत राहिल्या. पदराने डोळे पुसले. मला वाटलं, आता उठून जातील. मीही उठू दिलं असतं.

"कितीदा इचारलं, तर म्हणायचे, त्येलाच इचार." मग म्हणाल्या, "आता तेवढं लिव्हा. लई फुलवू नका."

हे शब्द त्यांना कुणी शिकवले ते मला कळलं. म्हणून वहिनी, दोन ओळी.

नांदेडला भरतीच्या दिवशी किसनचे दोन्ही कान धड होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. विहिरीवर मी होतो.