एका डोळ्याची प्रार्थना

सोलापूरच्या विद्यापीठात मी शिकायला आलो तेव्हा तिथं ख्रिस्ती असा मी एकटाच होतो. असेलही आणखी कुणी, पण मला सापडला नाही, म्हणजे तो नव्हताच. उन्हाळ्यात गच्चीवर ठेवलेली बादली दुपारपर्यंत आपोआप उकळायची आणि आम्ही तीत नुसती पत्ती टाकायचो, हे जसं खरं आहे तसंच हेही.

होस्टेलच्या मागं मेस होती. मेसच्या मावशी भाकरी तव्यावरून थेट ताटात फेकायच्या. नेम असा, की पंखा बंद असला तरी त्या भाकरीच्या वाऱ्यानं आमचे केस उडायचे. पहिल्या दिवशी माझ्या ताटात अशीच एक येऊन पडली. घरच्या सवयीनं मी हात जोडले, डोळे मिटले, देवबापाचे आभार मानले, आमेन म्हणून डोळे उघडले, तर ताटात नुसती आमटी.

शेजारी माझा रूम पार्टनर, वळसंगचा गडी, तोंड भरून चावत होता.

"भाकरी कुठाय?"

"देवानं नेली की. तूच बोलावलास न्हवं त्याला?"

सगळं टेबल खदाखदा हसलं. दुसऱ्या दिवसापासून मी एक डोळा उघडा ठेवून प्रार्थना करायला शिकलो. माझ्याएवढी कसरत कुठल्या संतानं केली नसेल. उजवा डोळा देवाकडं, डावा भाकरीकडं. तर हा पठ्ठ्या उजवीकडं येऊन बसायला लागला आणि शेंगाची चटणी पळवायला लागला.

"फादर, आज जरा लांबण लाव. लई भूक लागलीय."

"आमच्यात फादर नसतात रे, पाळक असतात. पाळकसाहेबांना बायको असते, पोरं असतात."

"मग तू पाळकच हो. तेवढ्यानं तरी तुला कोन पोरगी दील!"

समोर एमएस्सीचा एक दादा बसायचा. त्याचा प्रश्न ठरलेला. "बाटायला तुझ्या आज्याला काय मिळालं रे?" आणि माझं उत्तरही तयार. साहेबाचं जहाज आलं. कुठं? सिद्धेश्वर तलावात. गव्हानं काठोकाठ भरलेलं. साहेब आजोबांना हत्ती द्यायला निघाला होता, पण आजोबा म्हणाले, चारा परवडत नाही, शिलाई मशीन द्या. दर खेपेला जहाज मोठं व्हायचं. एकदा तर ते तलावात मावेना म्हणून उजनी धरणात वळवावं लागलं. दादाच्या नाकातून आमटी आली होती त्या दिवशी.

हसणाऱ्यांच्या मधोमध बसलं की एकटेपणा दिसत नाही. भाकरी चोरीला जात होती, पण माझी जात होती. त्या टेबलावर माझी जागा होती.

मग एका संध्याकाळी दादानं मोबाईल माझ्यासमोर ठेवला. व्हिडिओत एक माणूस ओरडून सांगत होता, की हे सगळे ख्रिस्ती दुधाच्या पावडरीवर विकले गेलेले आहेत.

"हत्तीबित्ती ऱ्हाऊ दे आता," दादा म्हणाला. "खरं सांग. तुमचा रेट काय?"

आज कुणी हसलं नाही. माझ्याकडं एक झकास उंट तयार होता. तो तोंडातून बाहेरच येईना.

"आजोबांना काही मिळालं नाही," मी म्हणालो. "उलट गेलं. भावकीनं बोलणं सोडलं. आत्याच्या लग्नाचं जेवण तसंच उरलं, पंगतीला कुणी बसलं नाही. पण ते आजोबांचं झालं. माझं विचारशील तर, बारावीत असताना माझी आई आजारी पडली. दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसून मागत होतो, हिला बरं कर."

"झाली बरी?" रूम पार्टनरनं विचारलं.

"नाही. गेली."

"मग तरी डोळे मिटतोस?"

"त्या खोलीत मी एकटा नव्हतो. आणखी कुणीतरी होतं. एवढंच मला ठाऊक आहे. तुम्हाला ते पटवून देता येत नाही, आणि मला ते सोडताही येत नाही."

दादानं मोबाईल पालथा केला. मावशींची भाकरी सूं करत आली आणि कुणी मान वर केली नाही. वाद मी जिंकलो होतो. इतका जिंकलो, की टेबलावर बोलायला कुणी उरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी हात जोडले, डावा डोळा उघडा ठेवला. वळसंगचा गडी हात मांडीवर ठेवून बसलेला. दादानं चमचासुद्धा वाजू दिला नाही.

"घे की," मी डोळ्यानंच भाकरी दाखवली.

"नको नको. तुझं चालू दे."

पूर्वी रविवारी मी उपासनेला निघालो, की तो वरच्या मजल्यावरून साऱ्या होस्टेलला ऐकू जाईल असा ओरडायचा, "फादर, येताना केक आन!" आता तो दार हळूच ओढून घ्यायला लागला. चर्चमध्ये घरची माणसं घरच्यांजवळ बसतात. मी शेवटच्या बाकावर, शेजारी माझीच पिशवी.

शेवटी एका दुपारी मेसमध्ये मी ठरवलं, की या गड्याला भाकरी पळवायला भरपूर वेळ द्यायचा. दोन्ही डोळे गच्च मिटले. मावशींच्या गुडघ्यांसाठी मागितलं, नळाच्या पाण्यासाठी मागितलं, दादाच्या प्रोजेक्टसाठी, अक्कलकोटपासून यरुशलेमपर्यंतच्या झाडून सगळ्यांसाठी मागितलं. एवढ्यात जोंधळा पेरून, कापून, दळून नवी भाकरी झाली असती. सगळ्यात शेवटी जे खरं मागायचं होतं ते मागितलं. देवबापा, याला पुन्हा चोर कर.

डोळे उघडले. भाकरी होती तिथंच होती, गार पडलेली. आणि त्याच्या ताटातलीही तशीच. माझी प्रार्थना संपेपर्यंत तो जेवायचा थांबला होता.

"झालं?"

"झालं."

मी माझी भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्या ताटात टाकली.

"थँक्यू," तो म्हणाला.

वळसंगचा गडी, आणि मला थँक्यू.