पप्पांचा क्रॉस

माझ्या मोठ्या भावाने वरंधच्या एका साखरपुड्यात अडीच तास पोट आत ओढून काढले, त्याला माझा उजवा पाय जबाबदार आहे.

झालं असं. माझी मुलगी यशोधरा, म्हणजे यशू, हिची फुटबॉल संघासाठी रविवारी महाडला निवड चाचणी होती. ती डोक्याने गोल मारते. पण त्यासाठी कुणाला तरी मैदानाच्या कडेवरून गोलच्या तोंडाशी उंच चेंडू टाकावा लागतो. त्याला क्रॉस म्हणतात. तिला क्रॉस टाकून सराव देणारी मैत्रीण नेमकी तापाने झोपली आणि यशू रडकुंडीला आली.

"रडतेस कशाला? मी आहे ना!"

"पप्पा, तुम्हाला येतो क्रॉस?"

"त्यात काय यायचंय?" (मी पोलादपुरात कारकून आहे. जन्मात फुटबॉलला पाय लावला नव्हता. पण आत्मविश्वासाला सराव लागत नाही!)

मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले. एक पाय चेंडूच्या शेजारी, दुसरा चेंडूच्या खाली, अंग जरा मागे. खलास! शनिवारी सकाळी आम्ही कापडे गावातल्या आमच्या घरामागे, कापणी झालेल्या शेतात उतरलो.

पहिला क्रॉस. चेंडू जागेवरच राहिला. चप्पल मात्र अप्रतिम गेली. उंच, वळण घेत, थेट यशूच्या डोक्याशी!

"पप्पा, हेच चेंडूने करा ना!"

मी बूट घालून आलो. दुसरा क्रॉस शेजाऱ्यांच्या म्हशीच्या पाठीवर बसला. तिसरा पेंढ्याच्या ढिगात गेला, तो काढताना यशू कमरेपर्यंत आत!

"वारा आहे जरा," मी म्हणालो.

"पान हलत नाहीये, पप्पा!"

चौथा मात्र मी जीव खाऊन मारला. काय बसला! चेंडू वर गेला, आणखी वर गेला, कौलांवरून पलीकडे अंगणात दिसेनासा झाला.

अंगणात वहिनी निघण्याआधी घाईघाईने सारवत होत्या. त्यांच्या भाच्याचा साखरपुडा म्हणून दादा पांढराशुभ्र शर्ट घालून, शेण कालवलेल्या बादलीशेजारी उभा होता.

धप्प!

"अगो बाय गो!" वहिनींची किंकाळी.

आम्ही धावत गेलो. चेंडू बादलीत होता. बादलीतलं शेण दादावर होतं.

"कुणी मारला रे ह्यो?"

"पप्पांनी!" यशू अभिमानाने म्हणाली. "मोठेकाका, बघितलात किती उंच गेला?"

"बघितला नाय, अंगावर घेतला!"

दारात गाडी हॉर्न मारत होती. दादाचे बाकीचे शर्ट इस्त्रीवाल्याकडे. मग माझाच शर्ट आणला. मी काटकुळा, दादा भरभक्कम! बटणं लावायला आम्ही तिघं लागलो.

"आता हसू नका नि शिंकू नका," वहिनींनी त्याला बजावलं, "नायतर बटान नवरीला लागंल!"

उरलेला शनिवार यशू माझ्या भलतीकडे जाणाऱ्या क्रॉसमागे पळत होती. रविवारी चाचणीत यशूकडे चेंडू कसेही येत होते. एक पाठीमागून, एक गुडघ्याएवढा, एक टप्पा पडून भलतीकडेच. बाकीच्या मुली बघत राहायच्या. यशू मात्र धावत जाऊन, वाकून, उडी मारून प्रत्येक चेंडू जाळ्यात घालत होती. तिची निवड झाली! प्रशिक्षकांनी विचारलं, "तुझा सराव कुणी घेतला?" तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मी कॉलर सारखी केली.

"जयभीम, साहेब," प्रशिक्षक हात मिळवत म्हणाले, "दर रविवारी मुलींना क्रॉस टाकायला येत जाल?"

"येईन की! तंत्र समजावून सांगतो सगळ्यांना."

"तंत्र नको! यशू म्हणते, तुमचा चेंडू कुठे जाईल ते तुम्हालाही कळत नाही. इतकं वेडंवाकडं आम्हाला मुद्दाम मारूनही जमत नाही हो. मुलींना पळायची सवय लागते."

तेव्हापासून मी दर रविवारी न चुकता जातो. गेल्या खेपेला एकच चेंडू बरोबर एका मुलीच्या डोक्यावर जाऊन पडला. प्रशिक्षक लांबून ओरडले, "साहेब, लक्ष कुठाय तुमचं?"