झिबलजींचा हात

आमच्या हातकागद केंद्रात जुन्या कपड्यांच्या चिंध्या यायच्या, आणि त्यांच्याबरोबर किस्सेही साचायचे. सत्तरच्या दशकात उमरेड रोडवरच्या त्या शेडमध्ये मी स्टोअर सांभाळायचो. तेव्हा खूप हसलो. आता आठवायला बसलो की हटकून झिबलजीच समोर येतात आणि जीव कासावीस होतो.

झिबलजी आमचे जुने कारागीर. हौदातल्या लगद्यात साचा बुडवायचा, उचलून हलका हेलकावा द्यायचा, की ताव तयार! एकदा नव्या मॅनेजरसाहेबांनी त्यांचे दहा ताव एकेक करून तराजूत टाकले. सगळ्यांचं वजन सारखं! "कसं जमतं हो?" तर हे म्हणाले, "मले काहून इचारता साहेब? हाताले इचारा!"

*

शांताबाई चिंध्या निवडायच्या, बटणं कापायच्या. एकदा त्यांच्या नजरेतून लाल पोलकं निसटलं. अख्खा हौद गुलाबी! साहेब कपाळाला हात लावून बसले. झिबलजी म्हणाले, "लग्नपत्रिका छापा जी!" तो लॉट हातोहात खपला.

*

मग झिबलजींचा हात थरथरायला लागला. ताव एका कडेला जाड, दुसरीकडे पातळ. शांताबाई ते गुपचूप बाजूला लपवायच्या. एक साहेबांना सापडलाच!

"म्या ओला ताव ओढला जी," शांताबाई म्हणाल्या आणि निमूट बोलणी खाल्ली. झिबलजी पाठमोरे उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

*

सीताबर्डीचे एक ड्रॉइंग मास्तर कागद घ्यायला आले आणि ते लपवलेले ताव पाहून हरखलेच. "यावर रंग काय मस्त पसरतो! सगळे द्या!"

आम्ही झिबलजींना एवढंच सांगितलं, "स्पेशल ऑर्डर आहे, तुमच्याच हातचा कागद पाहिजे!" दुसऱ्या दिवशी ते धुतलेली टोपी घालून आले. आम्हाला वाटलं, लपवाछपवीतून सुटलो.

*

मास्तरांच्या प्रदर्शनाला आम्ही झिबलजींना हौसेनं घेऊन गेलो. एका चित्रापुढे ते बराच वेळ उभे राहिले. चित्र नाही, कागदाच्या कडा पाहत होते.

"कोणाचा कागद हाये गा हा?"

"तुमचाच, झिबलजी!"

"माह्या हातचा?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अन् तुमी असा कागद बाहेर जाऊ देला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या सकाळी ते वेळेवर आले. साचा खुंटीला टांगला, शांताबाईंशेजारी बसले आणि कैची घेऊन एका जुन्या सदऱ्याची बटणं कापू लागले.

"हे काय करून राहिले जी?" शांताबाईंनी विचारलं.

"इथं हात हालला तं कागद खराब होत नाही वं."