टेकडीपल्याडच्या बाई

‘टेकडीपल्याड’ हे आमच्या भागातल्या ओढ्यामाळांचं, झाडापाखरांचं त्रैमासिक ज्या बाई काढत, त्या स्वतः कित्येक वर्षं सोसायटीच्या फाटकाबाहेर फारशा पडलेल्याच नव्हत्या. संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांत त्यांचं घर आणि मासिकाची कचेरी एकत्रच होती. कॉटवर त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही चाचा म्हणत असू. कॉटखाली अंकांचे गठ्ठे. आणि भिंतीला टेकून मांडीवर पॅड घेतलेल्या बाई. महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. ‘मॅडम’ म्हटलेलं त्यांना खपत नसे.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. तळवड्याहून जाता-येता दिसणाऱ्या इंद्रायणीवर मी त्यांना एक लेख पाठवला. संध्याकाळी फोन आला.

“हे काठावर बसून लिहिलंय का?”

“नाही, कंपनीच्या बसमधून दिसतं तसं.”

“मग बसची काच कुठे गेली? ती लिहा. आणि ‘रमणीय’ काढा. नदीला फेस आलाय म्हणता, आणि रमणीय कसली?”

मी काच लिहिली. लेख छापून आला, आणि मी त्यांच्याकडे जाऊ लागलो.

फोनवर बोलताना मध्येच ठणठण आवाज येई. चाचांचं पूर्वी गॅरेज होतं. अर्धांगवायूने उजवं अंग आणि वाचा गेली होती. बाई नजरेआड झाल्या की ते डाव्या हाताने स्टीलचा पेला कॉटच्या दांडीवर आपटत. दुसऱ्या कुणी घास पुढे केला तर तोंड घट्ट मिटून घेत. त्यापायी कामाला ठेवलेल्या बायका टिकल्या नाहीत. “थांबा, साहेबांची बेल झाली,” म्हणून बाई फोन ठेवत आणि पुन्हा फोन करून राहिलेलं अर्धं वाक्य पुरं करत.

सोशिक वगैरे त्या मुळीच नव्हत्या. एका कवीने पतिसेवेला नदीची उपमा देणारी कविता पाठवली, बहुधा बाईंना खूश करायला. ती त्यांनी परत पाठवली. “नदीला कुणी विचारलंय का, वाहतेस का म्हणून?” मग जरा थांबून मला म्हणाल्या, “लोक म्हणतात, बाई किती करतात! मी अडकलेय हो. करणं वेगळं, अडकणं वेगळं.”

त्यांचं माहेर मारुंजीचं. मासिकाला नाव तिथल्या टेकडीवरूनच दिलेलं. त्या टेकडीच्या पायथ्याशी उठणाऱ्या इमारतींवर एक लेख आला, आणि बाई शेवटच्या ओळीवर अडून बसल्या. “वरून जुनी विहीर अजून दिसते, असं लिहिलंय यांनी. आमची विहीर ती. खरं असेल का?”

माझी बायको सुजाता बाईंना म्हणाली, “रविवारी मी बसते चाचांजवळ. तुम्ही बघूनच या.”

बरीच टाळाटाळ करून बाई एकदाच्या निघाल्या. टेकडीखाली मी स्कूटर लावली तोच बाईंना सुजाताचा फोन. चाचा पेला आपटतायत, थांबतच नाहीत. बाईंनी ऐकून घेतलं, वर टेकडीकडे पाहिलं, फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि चढायला लागल्या. वाटेत शेळ्या राखणाऱ्या म्हातारीने हटकलं, “कुनाची गं तू?”

जन्मभर पोरांचं शुद्धलेखन तपासलेल्या बाई म्हणाल्या, “हितलीच हाय, मावशे.”

वरून विहीर दिसली नाही. तिच्या जागेभोवती निळे पत्रे ठोकले होते. बाई एका दगडावर बसल्या त्या बसल्याच.

“परत नाही गेले तर?” त्यांनी विचारलं.

मी खालचे निळे पत्रे बघत राहिलो. त्या उठल्या, साडी झटकली. “चला. फार वेळ लावलात उत्तर द्यायला.”

घरी आलो तर चाचा शांत झोपलेले.

“जेवले,” सुजाता आनंदाने म्हणाली. “आधी रागावले, मग माझ्या हातून सगळा वरणभात खाल्ला.”

बाई दारातच थबकल्या. “तुझ्या हातून?”

“हो.”

चपला न काढताच त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. “इतकी वर्षं,” एवढंच मला ऐकू आलं.

लेखातली शेवटची ओळ त्यांनी काढली. सुजाता पुढेही रविवारी येते म्हणत राहिली, पण बाईंनी तिला एकदाही बोलावलं नाही. “आता कुठे जायचं तेच कळत नाही,” म्हणाल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात चाचांच्या आधी त्याच गेल्या, छातीत दुखण्याचं निमित्त होऊन.

चाचांना पुतण्याने मोशीला नेलं. मासिक आता मी काढतो. पहिला अंक बाईंवरच होता. तो घेऊन मी मोशीला गेलो. चाचांनी तो मांडीवर घेतला, एकेक पान उलटलं. बाईंचा फोटो आला तिथे त्यांनी तळहात ठेवला, तो उचललाच नाही.

पुतण्याची बायको ताट घेऊन आली. “भाऊ, तेवढं पुस्तक काढून घ्या ना त्यांच्याकडून. जेवायची वेळ झाली.”

मी हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.