माळावरचं वैर

वेड्या बाभळीचा काटा माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या डोळ्यात गेला, त्या दिवसापासून त्या झाडाशी माझं वैर सुरू झालं. जाळीत अडकलेलं करडू बाहेर ओढताना फांदी उसळली आणि काटा थेट बुबुळात शिरला. नगरच्या दवाखान्यात नेलं, पण डोळा गेलाच. घरी आल्यावर आबा एवढंच म्हणाले, "एक हाय की अजून." मला ते पुरेसं वाटलं नाही.

आष्टीकडच्या आमच्या गावच्या माळावर ही बाभूळ मुळात नव्हतीच. आबांच्या लहानपणी तिथं नुसतं गवत होतं, आणि त्या गवतात हरणं, लांडगे, तणमोर. मग कुणीतरी सरपणासाठी म्हणून हे परदेशी झाड आणलं. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्या, लेंड्यांतून बी पसरलं, आणि बघता बघता माळभर काटे झाले. गवत मेलं, तसे गवतातले जीवही गेले.

मी कुऱ्हाड घेऊन रोज जायचे. शेळ्या चरायला सोडायच्या आणि हाताला येईल ते झाड तोडायचं. तोडताना तोंडातून शिव्या निघायच्या. पण पाऊस झाला की त्याच बुंध्यातून दुप्पट फांद्या फुटायच्या. मग मी टिकाव घेतला. खोडाभोवती खणून जमिनीखालची गाठच कापायला लागले. एखादं झाड उन्हात वाळताना बघायला मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी परत जायचे.

आबा बांधावर बसून म्हणायचे, "इतका राग बरा न्हाई, पोरी."

"राग हाय म्हणून तर हात चालतोय, आबा."

काही वर्षांत उताराचा एक तुकडा मोकळा झाला. तिथं पवन्या गवत उठलं, मारवेल आला. एका श्रावणात सकाळी त्या गवतातून एक काळा पक्षी सरळ वर उडाला, हवेत पंख फडफडवले आणि होता तिथंच उतरला. परत उडाला. मी बघतच राहिले. बांधावर बसलेल्या आबांनी पंखांच्या आवाजावरूनच ओळखलं.

"तणमोर हाय. मादीला बोलवायलाय."

हा पक्षी आता देशात मोजकाच उरलाय, हे मला नंतर कळलं. त्या सकाळी एवढंच वाटलं, की बाभळीच्या नरड्यात हात घालून मी काहीतरी परत काढलं. पुढं गवताच्या बुडाशी उघड्या मातीवर हिरवट, तपकिरी ठिपक्यांची अंडी दिसली. आम्ही शेळ्यांची वाट बदलली आणि कुणाला काही बोललो नाही.

त्याच पावसात ठेकेदार आला. वेडी बाभूळ उपटायचं सरकारी काम निघालं होतं. जमीन मऊ असली की मुळं सहज निघतात, म्हणून त्यानं पावसाळाच गाठला. पहिल्या दिवशी जेसीबीनं जाळी मुळासकट उचलली, तेव्हा मी उभी राहून डोळे भरून बघितलं. माझ्या मनासारखं होत होतं.

दुसऱ्या दिवशी मी शेळ्या घेऊन पोचले, तेव्हा मशीन माझ्या गवतावरून वळून जाळीकडं गेलेलं होतं. चाकाच्या चरात टरफलं आणि पिवळा बलक. मादी लांबवर उडत, बसत, परत उडत होती.

जेसीबीवाला आष्टीतल्या गॅरेजवाल्याच्या घरातला, ओळखीचा माणूस. तो खाली उतरून चराशी वाकला. "बाई, अल्ला कसम, मला कुणी सांगितलंच न्हाई," म्हणाला.

ठेकेदार जीपमधून उतरलाच नाही. "तुमचीच तर बाभूळ काढायलोय. दोन अंड्यांसाठी काम थांबवू का? हितं आता झाडं लावणार हाव." मग जेसीबीवाल्याला म्हणाला, "चल बे, चालू कर."

ठेकेदारानं माळ नांगरून काढला आणि गिरीपुष्पाची रोपं लावली. एक परदेशी झाड काढून दुसरं परदेशी झाड, तेही गवताच्या छातीवर. त्या दिवशी बाभळीवरचा माझा राग त्या माणसावर गेला. झाडाला अक्कल नसते. त्याला होती.

मी शेळ्या रोपांवर घातल्या. आधी त्यांनी नुसतं हुंगलं आणि तोंड फिरवलं, कारण त्या पाल्याला वास येतो. मग मी सकाळी रोपं मोडून ठेवायला लागले. दुपारपर्यंत पाला कोमेजला की शेळ्या तुटून पडायच्या. त्यानं राखण्या ठेवला. गावात कुणी त्याला पाण्याचा घोट दिला नाही, ती तजवीज मी दारोदार फिरून केली होती. राखण्या निघून गेला. ठेकेदारानं परत रोपं लावली, शेळ्यांनी परत खाल्ली.

शेवटी तो घरी आला. "मावशी, तुमाला काय पायजे?"

"अंडी," मी म्हणाले.

तो आल्या पावली परत गेला. त्याचं काम बुडालं, असं ऐकलं. मला बरं वाटलं, आजही वाटतं.

नांगरलेल्या जागेत गवत विरळ येतंय. बाभळीचे कोंबही येतात. ते मी बोटाएवढे असतानाच उपटते. तणमोर मात्र अजून परतलेला नाही. श्रावणात आबा सकाळी बांधावर जाऊन बसतात आणि मला टिकाव बाजूला ठेवायला लावतात, म्हणजे आवाज झालाच तर ऐकू यावा.