बहात्तर डीपीआयचे सासरे

आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या अल्बममधून मी अख्खी सासुरवाडी वगळली. मुद्दाम नाही, प्रोग्राम लिहून.

गंगापूर रोडवरच्या छपाईवाल्या बाईंनी बजावलं होतं, "काका, फोटो तीनशे डीपीआयचे आणा." म्हणजे छापताना इंचाला तीनशे ठिपके. फोटो तीनेकशे होते. एकेक उघडून बघायचे सोडून मी पायथन ही प्रोग्रामची भाषा काढली, कारण नुकतीच शिकलो होतो. त्यात एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला आयता कोड मिळतो. ती फाइलमध्ये लिहिलेला डीपीआय वाचून देते. मी दहा-बारा ओळी खरडल्या: तीनशे असेल तर 'घ्या', कमी असेल तर 'नको'. काहीच लिहिलेलं नसेल तर शून्य धरा, ही अक्कलही माझीच.

माझ्याकडचे फोटो चुलतभावाने स्कॅन केलेले, सगळ्यांवर तीनशे. हिच्या माहेरचा जुना अल्बम मेहुण्याने पिंपळगावला ओट्यावर ठेवून मोबाइलने टिपलेला. त्या सगळ्यांवर बहात्तर. व्हॉट्सॲपवरून आलेल्यांवर तर काहीच नाही.

नमुना प्रत घरी आली. बायकोने शेवटपर्यंत पानं उलटली.

"अहो, बाबा कुठायत?"

पाठवणीचा फोटो. त्या दिवसाचा तिचा आणि बाबांचा तेवढा एकच. बाबा आता नाहीत, आणि रविवारी सासूबाई येणार होत्या त्या त्याच फोटोसाठी.

"ते बहात्तर निघाले," मी म्हणालो. "छापले तर फाटतील, नुसते ठोकळे दिसतील."

"आणि हे तुमचे काका पानभर? लग्नात रुसून जेवले नव्हते ते."

"ते तीनशे आहेत."

तिने भावाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मेहुणा द्राक्षाच्या व्यापारात. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"दाजी, फोटो लय चांगल्या मोबाइलनं काढलेत मी. पेटीवरचं लेबल वाचून माल परत नका पाठवू. आत बघा."

आत बघितलं. त्याच लायब्ररीला फोटोची रुंदी विचारली. बाबा चार हजार पिक्सेल, म्हणजे तेवढे ठिपके. काका, पासपोर्ट फोटोवरून स्कॅन केलेले, चारशे. डीपीआय म्हणजे ठिपके किती दाटीने पसरायचे, याची नुसती नोंद. मुळात ठिपके किती आहेत, हे ती सांगतच नाही. चार हजारांना तीनशेने भागलं तर बाबा तेरा इंच रुंद छापता येत होते. काका जेमतेम सव्वा इंच. नमुना प्रतीत त्यांचा चेहरा चौकोनी ठोकळ्यांचा झाला होता, तो मी वयाचा परिणाम समजलो होतो.

प्रोग्राम बदलला, फोटो पुन्हा दिले. छपाईवाल्या बाई म्हणाल्या, "काका, आधीच सगळे आणायचे होते. आम्ही बघून घेतलं असतं."

शनिवारी नवी प्रत आली. पाठवणीचा फोटो दोन पानं भरून. बायको बराच वेळ त्यावर वाकून होती. मी शेजारी उभा राहून पिक्सेलचं काहीतरी सांगत होतो.

"बाबा अनवाणीच आले होते की हो गाडीपर्यंत," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत मला दिसलंच नाही."

मग तिने अल्बम मिटला.

"उद्या आईला मीच दाखवीन. तुम्ही मध्ये काही समजावायला येऊ नका."