पाण्यात ठेवलेला बाळकृष्ण

माझ्या मुलीची निवड होऊ नये म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते. हे एक वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली. लोक परीक्षेसाठी, व्हिसासाठी, सुखरूप बाळंतपणासाठी देव पाण्यात ठेवतात. पोरीचं ठरत आलेलं काम मोडावं म्हणून ठेवणारी आई माझ्या तरी पाहण्यात दुसरी नाही. म्हणून जे घडलं ते, जसं घडलं तसं, एकदाचं सांगून टाकते.

आम्ही मूळचे पुण्याचे. नवरा इंजिनिअर, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो आणि घरी आल्यावरही ती खोड जात नाही. न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या अल्बनी भागात आमचं घर आहे. मुलगी सई जन्मली इथेच. नऊ वर्षांची असताना मैत्रिणीच्या वाढदिवसाला बर्फाच्या रिंकवर गेली आणि आइस हॉकीचं वेड घेऊनच परत आली. त्यातही बाईसाहेबांना गोलकीपर व्हायचं होतं. समोरून सणसणत येणारी कडक रबरी चकती, जिला पक म्हणतात, ती अंगावर घ्यायची, हे तिच्या आवडीचं काम! गॅरेजमध्ये तिचे पॅड वाळत पडलेले असत आणि त्या वासापायी आमची गाडी कायम बाहेर उभी असे. पंधराव्या वर्षी पक लागून तिचं खांद्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात होता. मी तिला पहाटे सरावाला न्यायची, डबे करून द्यायची, फाटलेले पट्टे शिवायची, पण तिची मॅच मी कधी पाहिली नाही. मॅच सुरू झाली की मी गाडीत जाऊन जप करत बसायची. मला भीती वाटते हे मी तिला सांगितलं नाही, आणि आईला कंटाळा येतो असं तिने धरून चाललं.

शाळेच्या शेवटच्या वर्षी तिला अमेरिकेतल्या एका कॉलेजकडून ईमेल आला. जुलैच्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, सुट्टीत दक्षिणेला, सेंट्रल ओटागोतल्या एका लहानशा गावात स्पर्धा होती. ती पाहायला त्यांच्या महिला संघाची कोच येणार होती. तिला सई पसंत पडली, तर चार वर्षं तिकडे शिक्षण आणि खेळ. इथे ऑकलंडला इंजिनिअरिंगचा प्रवेश जवळजवळ नक्की होता, तो सोडून! मी सगळ्यांना हाडांचं कारण सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला ती डोळ्यांसमोर हवी होती. मी स्वतः चोविसाव्या वर्षी आईला पुण्यात ठेवून इकडे आले, तेव्हा ती विमानतळावर हसत हसत हात हलवत होती. ते हसू कसं आणलं असेल, हे मला आत्ता कुठे कळत होतं, आणि माझ्याच्याने ते होणार नव्हतं.

लग्नात आईने दिलेला पितळेचा रांगता बाळकृष्ण माझ्या देवघरात आहे. घरी त्याला पाण्यात ठेवलं असतं तर नवऱ्याने विचारलं असतं. म्हणून मी त्याला रुमालात गुंडाळून बरोबर नेलं. मोटेलच्या खोलीत सई माझ्याबरोबर होती, तेव्हा तिथेही सोय नव्हती. शेवटी संध्याकाळी मागच्या दाराबाहेर, पायरीच्या कोपऱ्यात स्टीलच्या डब्यात पाणी भरलं, त्यात त्याला ठेवलं आणि हात जोडले. "उद्या हिचा संघ हरू दे. त्या बाईच्या नजरेत ही भरू नये. माझी पोर माझ्याजवळ राहू दे." इतक्या स्वच्छ शब्दांत मी आयुष्यात दुसरं काही मागितलं नसेल.

ऑकलंडच्या थंडीला हिवाळा म्हणणाऱ्या माझ्यासारखीला ओटागो काय कळणार? सकाळी दार उघडलं तर गवत पांढरं आणि डब्यातलं पाणी दगड झालेलं. आत बाळकृष्ण, लोण्याचा गोळा धरलेला हात वर करून, जसाच्या तसा गोठलेला. लेकराला रात्रभर बाहेर ठेवल्यासारखं वाटलं मला. आत सई नाश्ता करत होती, निघायची वेळ झाली होती. मी डबा तसाच पिशवीत घातला.

रिंकवर सई कपडे बदलायला गेली आणि मी थेट कँटीनच्या खिडकीशी जाऊन उकळतं पाणी मागितलं. तिथे गमबूट घातलेली, लोकरी टोपीतली एक वयस्कर बाई होती. चहाही तीच द्यायची आणि तिथला बर्फही तीच राखायची. "किया ओरा," असा माओरी नमस्कार करून तिने डब्यात डोकावून पाहिलं. "हा कोण?"

"आमचा देव. तो लहान असतानाचा."

"आणि तो आत काय करतोय?"

का कोण जाणे, ज्या गोष्टीचा नवऱ्याला पत्ता लागू दिला नव्हता ती मी तिला सांगितली. गोलमध्ये उभी राहते ती माझी मुलगी आहे आणि ती हरावी म्हणून मी याला बुडवून ठेवलं आहे. ती हसली नाही आणि तिने मला बोलही लावला नाही. तिने डबा माझ्या हातात परत दिला. "उकळतं पाणी नको. घाई केलीस तर त्यालाच काहीतरी होईल. जॅकेटच्या आत धर, सुटेल आपोआप. आणि त्या बाकावर बस, तिथे हीटर आहे."

तो बाक नेमका सईच्या गोलच्या मागे होता, मधे फक्त काच. देवाला मांडीवरून खाली ठेवून गाडीत पळायची सोय राहिली नव्हती. डबा पोटाशी धरून मी माझ्या मुलीची पहिली अख्खी मॅच पाहिली. घरी एका शब्दात उत्तर देणारी ही पोर इथे सगळ्यांना ओरडून जागा दाखवत होती. पहिला गोल झाला तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती पाणी पीत होती आणि स्वतःशीच म्हणत होती, "असू दे, असू दे. चल." काचेपलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं. लहानपणी ती पडली की मी हेच म्हणायची. मला रडू आवरेना. चार गोल झाले. चारही वेळा ती तेच म्हणून परत उभी राहिली. शेवटच्या पाच मिनिटांत कधीतरी डब्यात हलकेच टक्‌ वाजलं. बाळकृष्ण सुटला होता. मी त्याला पुसून पदराशी धरावं तसं जॅकेटशी धरलं.

सईचा संघ हरला. माझं मागणं पुरं झालं म्हणायचं. पण कोच बाहेर येऊन माझ्याशी बोलली, ती वेगळंच. जिंकताना सगळ्याच मुली चांगल्या दिसतात, म्हणाली, मला गोल खाल्ल्यावर उभी राहणारी मुलगी हवी होती. अशा अनुभवांमध्ये मदत करणारी अनोळखी व्यक्ती पुढे कुणाला दिसत नाही. मला मात्र ती कँटीनमधली बाई दिसली. बर्फ गुळगुळीत करणाऱ्या मशीनवर बसून फेऱ्या मारत होती, मला पाहून तिने हात केला.

सई चार वर्षं अमेरिकेत खेळली. विमानतळावर मी हसून हात हलवला, जमला तसा. आता ती परत आली आहे, नोकरी सांभाळून न्यूझीलंडच्या महिला संघाकडून खेळते. गेल्या महिन्यात गॅरेजमध्ये ती पॅड वाळत घालत होती, तेव्हा मी धीर केला. "सई, त्या ओटागोच्या मॅचला मी देव पाण्यात ठेवले होते."

"आय नो," ती म्हणाली. "संध्याकाळी ग्लव्ह्ज वाळत घालायला मागे गेले ना, तेव्हा पाहिलं. आज्जीने सांगितलं होतं, व्हॉट इट मीन्स. आई, तोपर्यंत आय थॉट यू हेटेड माय हॉकी. यू नेव्हर वॉच्ड. मग बाळकृष्ण दिसला, आणि मला वाटलं, ओह, आई माझ्यासाठी मागतेय. दुसऱ्या दिवशी आय वॉज टोटली शांत. गोल गेले तरी."

गप्प बसले असते तर सगळं गोडच होतं. पण मी सांगितलं. "मी उलटं मागितलं होतं, सई. तू हरावीस म्हणून."

तिने हातातला पॅड खाली ठेवला. मग डोळे पुसत हसली आणि चक्क पूर्ण वाक्य मराठीत बोलली. "म्हणजे तू काय मागितलंस, ते त्याने मला सांगितलंच नाही."

मी यावर खूप विचार केला. माझं कोतं मागणं त्याने ऐकून घेतलं, पोटात ठेवलं, आणि तिच्यापर्यंत फक्त माझी माया पोचवली. ती माया मला स्वतःला तेव्हा नीट सापडत नव्हती. त्याचे उपकार कसे मानावेत हे मला अजून कळत नाही. त्या दिवसापासून मी मागणं सोडून दिलं. तिची मॅच असली की सकाळी त्याला कोमट पाण्याने अंघोळ घालते, तुळस वाहते आणि एवढंच म्हणते, तूच बघ.